तात्यांची वाटणी

माणसानं खुर्चीतून कसं उठावं या विषयावर दोन पक्ष असू शकतात, हे तात्यांना पंचाहत्तरी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. उठावंसं वाटलं की उठायचं, एवढंच ते आजवर करत आले होते. सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली, त्यामुळे उठण्याचे प्रसंगही बेताचेच. सकाळी खुर्चीत बसायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी उठून घरी जायचं. असा माणूस म्हातारपणी व्यायामशास्त्रातल्या एका थोर वादाचा आखाडा होईल, असं कुणी लिहून आणलं असतं तर तात्यांनी त्या वाक्याखालीही लाल रेघ मारली असती.

पण नशीब बघा. तात्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा व्यायाम शिकवतो, आणि मुलीनं शोधून शोधून नवरा आणला तोही व्यायाम शिकवणाराच. मुलाला घरात छोटू म्हणतात. तो जन्मला तेव्हा ते नाव शोभत होतं. आता तो दारातून आत शिरताना तिरका होतो. जावयाला तात्या जावईबापू म्हणतात. आपल्या मांड्या मावतील अशी पँट बाजारात मिळतच नाही, हे जावईबापू चारचौघांत दुःख सांगितल्यासारखं सांगतात आणि वर कुणी कौतुक करतंय का ते बघतात. हे दोघं नात्यानं मेहुणे आणि धंद्यानं भागीदार. फर्निचरच्या एका दुकानाखालच्या तळघरात दोघांचं मिळून जिम आहे. तळघराच्या मधोमध जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. पट्टीच्या अलीकडे जावईबापूंचा स्क्वॉट, पलीकडे छोटूचा डेडलिफ्ट. नवीन माणूस आला की नाव विचारायच्या आधी तो पट्टीच्या कुठल्या बाजूचा, हे विचारतात.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांचं आयुष्य सुखाचं आहे, पण पुढचं कळावं म्हणून सांगायला हवं. स्क्वॉट म्हणजे खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखं खाली जायचं आणि परत उभं राहायचं. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवर पडलेला तोच दांडा दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं आणि परत खाली ठेवायचा. दोन्ही प्रकारांत माणूस शेवटी होता तिथंच असतो आणि दांडाही. पण एकानं मांड्या होतात आणि दुसऱ्यानं पाठ-कंबर होते, आणि खरी ताकद यातली कुठली, यावरून हे दोघं मेहुणे अशा तावातावानं भांडतात की बघणाऱ्याला वाटावं शेतीचा बांध सरकलाय. तात्यांच्या लेकीनं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दोघांना जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायची बंदी केली होती. तेव्हापासून ते जेवण पटकन उरकतात.

तर एके दुपारी तात्यांच्या हातून वर्तमानपत्र खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि वर येण्याऐवजी खालीच बसले. लागलं काहीच नाही. फक्त उठता येईना. पलंगाला धरून बघितलं, भिंतीला धरून बघितलं, शेवटी जमिनीवर बसल्या बसल्या वर्तमानपत्र पार जाहिरातींसकट वाचून काढलं. वरच्या मजल्यावरची शिक्षिका शाळेतून आली, तिला हाका ऐकू गेल्या, तेव्हा कुठं तात्या पुन्हा उभे राहिले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हाडं शाबूत आहेत काका, ताकद संपलीय. एकटेच राहता?"

"एकटाच. मजेत," तात्या म्हणाले.

"बघू किती मजेत ते," डॉक्टर म्हणाले. महिन्या-दीड महिन्यानं दवाखान्याच्या थेरपिस्ट बाई घरी येऊन बघून जाणार होत्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत जायचं, जमिनीवरची वस्तू उचलायची, एवढंच. जमलं तर तात्या आपल्या घरात. नाही जमलं तर एकटं राहणं बंद, मग मुलाकडे जायचं की मुलीकडे ते घरच्यांनी ठरवावं.

तात्यांना दोन्ही घरं माहीत होती. छोटूच्या घरी त्यांच्या वाट्याला हॉलमधला सोफा येणार होता, ज्यावर रात्री झोपायला टीव्ही बंद व्हायची वाट बघावी लागते. लेकीच्या घरी स्वतंत्र खोली होती, फक्त तिच्यात आधीपासून जुनी वजनं, प्रोटीनचे डबे आणि एक मोडकी सायकल राहत होती. दोन्हीकडची माणसं चांगली होती. पण तात्यांना कुणाच्या घरातलं सामान व्हायचं नव्हतं. आपल्या दोन खोल्या, खिडकीजवळचं टेबल, आपल्याला हवा तेव्हा लावायचा आणि हवा तेव्हा घालवायचा दिवा, यापलीकडे त्यांना जगाकडून काही नको होतं. हे मात्र हवं होतं, आणि ते जाईल या कल्पनेनंच त्यांची झोप उडाली होती.

"काळजी करू नका तात्या," जावईबापू म्हणाले. "खुर्चीतून उठणं म्हणजे शुद्ध स्क्वॉट. माझ्यावर सोडा."

"आणि जमिनीवरची वस्तू उचलणं म्हणजे काय?" छोटू म्हणाला. "पडले कशानं ते? वाकल्यामुळे पडले. म्हणजे डेडलिफ्ट कच्चा. माझ्यावर सोडा."

तात्यांनी स्वतःला कुणावर सोडायचं हे ठरवायच्या आत त्यांची वाटणी झालेली होती. सकाळी जावईबापू, संध्याकाळी छोटू.

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते काय, हे तात्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. सकाळी जावईबापू यायचे. बिनहातांच्या खुर्चीवर घरातल्या सगळ्या उशा रचायचे आणि त्या मनोऱ्यावर तात्यांना बसवायचे आणि उठवायचे. "छाती वर! टाचा जमिनीत! गुडघे आत नाही घ्यायचे! बसा, बसा, आणखी बसा, उठा!" थोडे दिवस गेले की मनोऱ्यातली एक उशी काढायची. संध्याकाळी छोटू यायचा. त्याच्याकडे बादली. बादलीत आधी नुसतं तांब्याभर पाणी, मग हळूहळू जास्त. "बसू नका तात्या, बसू नका, कमरेतून वाका! पाठ सरळ! बादली अंगाजवळ! भावजींनी शिकवलेलं सगळं विसरा!" सकाळी जे करायचं ते संध्याकाळी विसरायचं आणि संध्याकाळचं सकाळी. तात्यांना ते अवघड गेलं नाही. छापखान्यात त्यांनी दोन्ही पक्षांचे जाहीरनामे एकाच दिवशी तपासले होते.

दोघांची गाठ कधीकधी दारातच पडायची. मग तात्यांचा चहा निवेपर्यंत चर्चा व्हायची.

"मला सांगा भावजी," छोटू म्हणायचा, "खांद्यावर दांडा घेऊन माणूस आयुष्यात कधी खाली बसतो? पडलेली वस्तू मात्र रोज उचलतो."

"आणि कमोडवरून उठताना तू डेडलिफ्ट करतोस का रे?"

"करतो! नीट बघितलं तर तो डेडलिफ्टच असतो!"

"मी नीट बघणार नाही."

"चहाच्या वेळी कमोड नको," तात्या म्हणायचे. पण त्यांचं कोण ऐकतो? ज्याच्या कमरेवरून वाद चाललाय त्याला वादात मत नसतं, ही रीतच आहे.

आणि गंमत म्हणजे दोघांचंही लागू पडत होतं. उशा उतरत होत्या, बादली भरत होती. एके सकाळी दारातली दुधाची पिशवी उचलायला तात्या वाकले आणि पिशवी घेऊन आत आले. ओट्याजवळ पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मघाशी आपण कशाला धरलंच नाही. त्यांना इतका आनंद झाला की ते पिशवी हातात घेऊन उगाचच हसत उभे राहिले. बसताना मांड्या काम करतात, वाकताना पाठ काम करते, आणि दूध आणताना दोघींना एकमेकींशी बोलल्याशिवाय चालत नाही, हे त्या दिवशी त्यांना अंगानं कळलं. पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पिशवी कुणाच्या व्यायामानं उचलली गेली यावरून दूध नासलं असतं.

मेहुण्यांनी मात्र आपापल्या यशाची द्वाही फिरवायला सुरुवात केली होती. जावईबापू तात्यांचे व्हिडिओ काढून जिममधल्या लोकांना दाखवायचे, त्यात बादली कुठं दिसणार नाही याची काळजी घ्यायचे. छोटूच्या व्हिडिओत उशा नसायच्या. पट्टीच्या अलीकडचे लोक तात्यांना ‘आपले तात्या’ म्हणायला लागले होते, पलीकडचेही. परीक्षा पास झाल्यावर तात्यांचा मोठा फोटो भिंतीवर लावायचा, इथवर दोघांचं एकमत होतं. कुठल्या भिंतीवर, इथं ते संपत होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

आणखी एका बाबतीत मात्र दोघांचं पूर्ण एकमत होतं, आणि ते ऐकून तात्यांनी कान टवकारले होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजनाला हात लावायचा नाही. स्नायूंना विश्रांती द्यायची. हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम, जिमच्या दारावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेला. दोघांनीही तात्यांना बजावलं, "उद्या काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पडून राहा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तात्या आज्ञाधारकपणे पडून होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात जावईबापू.

"सहज आलो," जावईबापू म्हणाले आणि आत येऊन सहज उशा बाजूला काढू लागले. "एकदा फक्त बिनउशीचं करून बघू. खात्री म्हणून."

"पण विश्रांती..."

"अहो, नियम सगळ्यांसाठी असतो. तुम्ही घरचे." मग आवाज खाली आणून, "छोटू तुम्हाला मधेच काहीतरी करायला लावणार आणि उद्या उठलात की श्रेय घेणार. मी ओळखून आहे त्याला. एकच सेट. त्याला सांगू नका हं."

एकाचे दोन सेट झाले आणि दोनाचे बरेच झाले. तात्या छान उठत होते, जावईबापू खूश होत होते, आणि कुणी आपल्यावर इतकं खूश झाल्याला तात्यांना बरीच वर्षं झाली होती. ते उठत राहिले.

संध्याकाळी छोटू आला. तोही सहजच आला होता. घरात सगळे इतके सहज येऊ लागले की समजावं काहीतरी शिजतंय. त्यानं बादली काठोकाठ भरली. "भावजी इथं येऊन गेले असतील तर सांगा," तो म्हणाला. तात्या म्हणाले, "छे." दिलेला शब्द पाळायला नको? "मग एकदाच उचला. उद्या वाकताना अंगाला आठवण राहायला हवी. त्यांना कळू देऊ नका." तात्यांनी बादली उचलली. पुन्हा उचलली. छोटूनं टाळ्या वाजवल्या. हा पोरगा लहान असताना त्याच्या चित्रांना तात्या टाळ्या वाजवायचे. आता उलट झालं होतं, आणि ते तात्यांना आवडलं. म्हणून त्यांनी आणखी उचलली. अळीमिळी गुपचिळी, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना पलंगावरून उठता येईना.

म्हणजे उठले, कसेबसे, कुशीवर लोळून, टेबलाला लोंबकळून. मांड्यांना नुसतं बोट लावलं तरी तोंडातून ‘आई गं’ निघत होतं. कमरेच्या जागी कुणीतरी फळी ठोकून गेलं होतं. ज्या दोन तज्ज्ञांनी आयुष्यभर लोकांना ‘व्यायामाचा खरा दणका दुसऱ्या दिवशी बसतो’ असं सांगितलं, त्यांनीच स्वतःच्या हातानं ही पूजा बांधली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथं तर एका बैलामागं दोन शहाणे होते.

सगळे जमले. लेक लवकरच आली होती, तिनं घर आवरलं. छोटू आणि जावईबापू दारात बूट काढून भिंतीला टेकून उभे राहिले, आपापल्या घोड्यावर पैसे लावल्यासारखे. थेरपिस्ट बाई आल्या. उंचीनं बेताच्या, बोलायला त्याहून बेताच्या. त्यांनी बिनहातांची खुर्ची मागितली.

"बसा काका."

तात्या बसले कसले, पडले. बाईंची भुवई जरा वर गेली.

"हात छातीशी घ्या. आणि उठा."

तात्यांनी छाती वर केली, टाचा जमिनीत दाबल्या, गुडघे आत येऊ दिले नाहीत. पाठ सरळ ठेवली. दोन्ही धर्मांचं सगळं केलं. बूड खुर्चीपासून जरासं सुटलं, मांड्यांतून कळ निघाली आणि ते परत खुर्चीत आदळले.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हा तेच. या वेळी बूड सुटलंही नाही.

तात्यांना भीती वाटली. त्या दुपारी जमिनीवर बसलेले असताना वाटली होती त्याहून मोठी. कारण तेव्हा वरची शिक्षिका येणार हे माहीत होतं. आता समोर घरची सगळी माणसं उभी होती आणि त्यांच्यापैकी कुणीही आलं तरी ते उचलून नेण्यासाठीच येणार होतं. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बघितलं.

"असं कसं?" छोटू पुटपुटला. "काल तर काठोकाठ..." आणि त्यानं जीभ चावली.

"काल?" जावईबापू भिंतीपासून सुटे झाले. "काल काय काठोकाठ? तू काल आला होतास?"

"मी नाही म्हणालो तसं."

"बादली! तू आदल्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला बादली उचलायला लावलीस? मांड्या आखडल्यात त्यांच्या!"

"बादलीनं मांड्या आखडतात? आखडली तर पाठ आखडेल! मांड्या आखडायला उशीवरून कुणीतरी उठवलेलं असावं लागतं!" छोटूचा आवाज चढला. "बिनउशीचं केलंत ना सकाळी? खरं सांगा!"

जावईबापूंचा चेहरा बोलला. बाईंनी खाली बघितलं. त्यांच्या नोकरीत हसायला बंदी असावी.

"तात्या, हे खरं आहे?" लेकीनं विचारलं.

"एकानं सांगितलं त्याला सांगू नका, दुसऱ्यानं सांगितलं यांना सांगू नका," तात्या म्हणाले. "मी शब्द पाळला."

लेकीनं कपाळाला हात लावला. बिचारी दमली होती. दोन हत्तींच्या मधे राहून कोण दमणार नाही? ती तात्यांजवळ आली आणि मऊ आवाजात म्हणाली, "जाऊ द्या तात्या. नाही जमत तर नाही. चला आमच्याकडे. कपड्यांची बॅग माळ्यावरच आहे ना?"

"तुमच्याकडे का?" छोटू म्हणाला. "तुमच्याकडे नेलं तर भावजी नुसते गुडघे वाकवत बसतील. यांची पाठ गेलेली आहे. माझ्याकडे राहू दे, मी पाठ करतो त्यांची."

"आणि पाय? पाय कोण बघणार? नुसती पाठ घेऊन माणूस चालणार का?"

"पाय आधीच ठीक होते!"

"कुणामुळे ठीक होते?"

"असं करू, सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने माझ्याकडे. मग बघूच कुणाकडे असताना..."

तात्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. कमरेखालचे तात्या जावयाला, कमरेवरचे मुलाला. उरलेले, म्हणजे ज्यांना चहा थंड आवडत नाही आणि रात्री दिवा लावून वाचायला लागतं ते तात्या, कुणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. त्यांच्यावर कुणाचा दावाही नव्हता. लेक स्टूल ओढून माळ्याकडे हात वर करत होती. बॅगेचा पट्टा तिच्या हाताला लागला आणि बॅग सरकल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस तिला!"

हे कोण ओरडलं म्हणून सगळ्यांनी बघितलं. तात्या उभे होते.

ते कसे उठले हे पुढं कित्येक दिवस वादात राहिलं. छाती वर होती का, गुडघे कुठं होते, कुणीच बघितलं नव्हतं, आणि तात्यांना तर आपण उठलोय हेच ठाऊक नव्हतं. अंगातून कळा निघत होत्या, पण राग कळांच्या पुढं धावत होता. "चालते व्हा," ते म्हणाले. "दोघंही. आत्ताच्या आत्ता."

"तात्या, हळू..."

"हळू तुमच्या जिममध्ये! माणूस बसलाय इथं, माणूस! तुमच्या भांडणाचं वजन नाही!" ते तरातरा दारापर्यंत गेले. दारात होड्यांसारखे दोन बुटांचे जोड पडले होते. तात्या वाकले, एक जोड उचलला आणि बाहेर जिन्यात भिरकावला. पुन्हा वाकले, दुसरा उचलला, तोही भिरकावला. एक बूट खालच्या मजल्यापर्यंत पायऱ्या मोजत गेला. मेहुणे मोज्यांवर बाहेर पडले. तात्यांनी दार आपटलं.

मग त्यांना बाई दिसल्या, आणि त्यांच्या अंगातलं सगळं वारं गेलं. संपलं. आता ही बाई लिहिणार, की म्हातारा उठत नाही आणि वर आरडाओरडा करतो.

"या काका, बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी बसायला हात दिला, कारण बसणं खरंच अवघड होतं. "उठणं झालं. दारापर्यंत जाणं झालं. खालची वस्तू उचलणं झालं, एकदा सोडून दोनदा. राहा आपल्या घरात." बॅग खांद्याला लावता लावता त्या म्हणाल्या, "फक्त रोज एवढं रागवू नका. ब्लडप्रेशर वाढतं."

लेक रडायलाच लागली. तात्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "मला नव्हतं न्यायचं हो तुम्हाला, मला वाटलं दुसरा मार्गच नाही." तात्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. माफ करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

बाहेर जिन्यात एक बूट पायात आणि एक शोधत असलेल्या मेहुण्यांनी बाईंना गाठलं. बंद दारातूनही आवाज येत होते.

"बाई, तुम्ही बघत होतात. उठताना आधी गुडघे सरळ झाले की कंबर?"

"मी एवढंच बघत होते, की ते पडतात की काय," बाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

निघताना लेकीनं तात्यांचा हात हातात घेतला. "आता निवांत राहा. मी दोघांना चांगली तंबी देते. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ तुम्हाला कुणी छळायला येणार नाही. रविवारी फोन करायला सांगते दोघांना, पहिल्यासारखा."

"बरं झालं," तात्या म्हणाले. "सुटलो एकदाचा."

ती गेली आणि घर तात्यांचं झालं. पूर्ण, निर्विवाद तात्यांचं. उशा पलंगावर परत गेल्या होत्या, बादली मोरीत पालथी होती. तात्यांनी दिवा लावला आणि त्यांना हवा तेव्हा घालवला. मग पुन्हा लावला. कुणी ‘छाती वर’ म्हणालं नाही. पहिल्यासारखं म्हणजे कसं, ते त्यांना नीट आठवलं. फोन वाजायचा, "बरं आहे ना तात्या?" "बरं आहे." की झाला रविवार. बाकी दोघं उंबराच्या फुलासारखे कधीतरी दिसायचे. गेल्या महिन्या-दीड महिन्यात मात्र असा एक दिवस गेला नव्हता की दाराची बेल दोनदा वाजली नाही. आपण ज्यासाठी धडपडलो ते मिळालं, आणि मिळालेलं घर इतकं रिकामं असेल हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं, असं तात्यांना वाटलं. त्यांना एकटं राहायचं होतं. पण एकटं पडायचं नव्हतं.

ते बराच वेळ टेबलापाशी उभे होते. बसलं तर पुन्हा उठायला लागलं असतं. मग त्यांनी फोन घेतला आणि छोटूला लावला.

"तात्या, मी खरंच सॉरी..."

"ते असू दे. मी विचार केला. मला वाटतं, आज मी उठलो ते तुझ्या भावजींच्या स्क्वॉटमुळेच."

पलीकडून छोटू इतक्या जोरात बोलू लागला की तात्यांनी फोन कानापासून लांब धरला. "तात्या, तुम्हाला काय कळतं त्यातलं! बूट कशानं उचललेत? काही बोलू नका आता. उद्या संध्याकाळी येतो, करूनच दाखवतो तुम्हाला!"

"तुझी बहीण नको म्हणाली आहे."

"तिला कळू देऊ नका!"

तात्यांनी फोन ठेवला आणि जावईबापूंना लावला. म्हणाले, "तुमचा मान राखून सांगतो, पण खरं कारण ती बादलीच होती." जावईबापू दुखावले. मग संतापले. मग म्हणाले, "उद्या सकाळी आलो. आणि हिला बोलू नका, उगाच डोक्यात राख घालून घेते."

वादाचा निकाल एका वाक्यात लावता आला असता. दुधाच्या पिशवीच्या दिवसापासून ते वाक्य तात्यांपाशी तयार होतं. लोकांच्या चुका दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं अशी चूक मुद्दाम तशीच ठेवावी, याची त्यांना थोडी लाज वाटली. पण थोडीच. ते भिंतीला धरून, पाय ओढत, कण्हत स्वयंपाकघरात गेले आणि उद्याच्या चहाला दूध पुरेल का ते बघू लागले.